मुंबईहून एका दिवसाची सहल: नागपूरकरांनी ती कोणत्या क्रमाने आखावी

नागपूरहून मुंबईला आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी जातो. लग्न असते, मुलाखत असते, न्यायालयाची तारीख असते, नाहीतर डोंबिवलीच्या आत्याकडे बरेच दिवसांत जाणे झालेले नसते. त्यातून एखादा मोकळा दिवस निघाला की आधी ठिकाण ठरते आणि बाकीचे सगळे त्या ठिकाणाभोवती बसवले जाते. चूक होते ती इथेच. समुद्राच्या काठच्या शहरात ठिकाण शेवटी ठरवायचे असते. त्याआधी वार, ऋतू, तिथी आणि आपला मुक्काम या चार गोष्टी पाहाव्या लागतात, कारण घारापुरीची बोट, अलिबागचा किल्ला, फ्लेमिंगो आणि माथेरानची गाडी यांपैकी काहीही आपल्या सोयीने चालत नाही. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. मधला टप्पा वगळून पुढे गेल्यास दिवस वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

टप्पा १: वार आणि ऋतू पाहा

सर्वप्रथम मोकळ्या दिवसाचा वार पाहावा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद असते आणि त्याच्या पोटात असलेली कान्हेरी लेणी त्यामुळे आपोआप हुकतात. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. शनिवार-रविवारी लग्न उरकून सोमवारी फिरायचे ठरवणारी कुटुंबे नेमकी याच सापळ्यात सापडतात, म्हणून सोमवार हाती असेल तर माथेरान किंवा अलिबाग एवढाच विचार करावा.

रविवारची अडचण वेगळी आहे. लोकलच्या मार्गांवर देखभालीसाठी रविवारी दिवसा मेगाब्लॉक घेतला जातो. त्या काळात काही गाड्या रद्द होतात, काही जलद गाड्या धीम्या मार्गावरून जातात आणि एरवी तासाभराचा प्रवास दीड-पावणेदोन तासांचा होतो. ब्लॉक कोणत्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत आहे, हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रात किंवा रेल्वेच्या अधिकृत खात्यावर जाहीर होते. ते पाहिल्याशिवाय रविवारी बोटीची वेळ धरून घराबाहेर पडू नये. निवड हाती असेल तर मी शनिवार घेईन.

त्यानंतर ऋतू. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत गेटवे ते मांडवा (अलिबागला जाण्यासाठी उतरायचा धक्का) ही प्रवासी बोटसेवा बंद असते. या काळात अलिबागला पाण्यावरून जायचे असेल तर माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो, म्हणजे वाहनेही नेणारी, बोट हा पर्याय उरतो, आणि तीदेखील हवामान बिघडले की रद्द होऊ शकते. घारापुरीच्या बोटी पावसाळ्यात हवामान पाहून सोडल्या जातात, म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत घारापुरीवर सगळा दिवस टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. नेरळ-माथेरान ही छोटी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा टप्पा मात्र बहुधा चालू असतो.

नागपूरकरांना पावसाच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. आपल्याकडे पाऊस येतो, कोसळतो आणि बहुधा थांबतो. मुंबईत जुलैमध्ये तो सलग कोसळत राहू शकतो, त्यात भरतीची वेळ आली की शहराचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि रेल्वेचे रूळ पाण्याखाली जातात. हवामान खात्याने मुंबई, ठाणे किंवा रायगड या जिल्ह्यांसाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर त्या दिवसाची सहल रद्द करावी.

*तपासा: वार सोमवार नाही ना? रविवार असल्यास ब्लॉक पाहिला का? महिना जून ते ऑगस्ट यांपैकी असल्यास मांडव्याची बोट बेतातून काढली का?*

टप्पा २: तिथी पाहा आणि भरती-ओहोटी काढा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडून तोच सर्वांत जास्त वेळा वगळला जातो. अंबाझरी किंवा फुटाळ्याचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते. समुद्र तसा नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, आणि म्हणून भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या महिन्यात एखादा नातेवाईक सकाळी दहा वाजता चालत अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गेला, म्हणून आपणही दहा वाजता चालत जाऊ शकू, हा हिशेब त्यामुळेच चुकतो.

भरतीची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून काढण्याची कोकणातली जुनी रीत आहे आणि ती अंदाजासाठी उत्तम चालते. शुक्ल असो वा कृष्ण, चालू पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी तिथी धरावी, म्हणजे भरती सव्वाअकराच्या पुढे, दुपारी बाराच्या आसपास येते. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटीची वेळ मिळते.

वेळेइतकेच पाण्याचे प्रमाणही पाहावे लागते. पौर्णिमा व अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला खूप मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. दोन्ही माहिती एकत्र केली की कोणती तिथी कशासाठी चांगली, हे स्पष्ट होते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल तर सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान ओहोटी हवी. पाऊणपटीचा हिशेब मांडला तर पंचमी, षष्ठी आणि सप्तमी या तिथी त्यासाठी योग्य ठरतात. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी येते, पण पाणी पुरेसे हटत नाही आणि वाटेत गुडघाभर पाणी लागू शकते. पौर्णिमा आणि अमावास्येला तर भर दुपारी किल्ल्याभोवती पुरेपूर पाणी असते.

फ्लेमिंगोंचे गणित याच्या अगदी उलट आहे. नोव्हेंबर ते मे या काळात ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीच्या दलदलीत हे पक्षी असतात. ओहोटीला चिखल दूरपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी त्यावर लांब पसरतात. भरतीचे पाणी वाढू लागले की ते काठाकडे सरकतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाच्या ज्या बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही भरतीवर ठरतात आणि म्हणून रोज बदलतात. दिवसाउजेडी सोयीची भरती हवी असेल तर एकादशीपासून पुढच्या पक्षाच्या तृतीयेपर्यंतचे दिवस पाहावेत. थोडक्यात, ज्या दिवशी कुलाबा किल्ला पायी जमतो त्या दिवशी फ्लेमिंगोंची बोट जमणे अवघड असते, आणि ज्या दिवशी बोट जमते त्या दिवशी किल्ला पायी जमत नाही. दोन्हींचा हट्ट एकाच फेरीत धरू नये.

सावधान: पाऊणपटीची रीत ठिकाण निवडण्यापुरती आहे. प्रत्यक्ष पाण्यात पाऊल टाकण्यासाठी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा कोळ्याला विचारावे. त्यांचे आणि वेळापत्रकाचे न जुळल्यास त्यांचे ऐकावे.

टप्पा ३: मुक्काम कुठे आहे आणि गाडीतून कुठे उतरायचे ते ठरवा

नागपूरहून येणारी गाडी इगतपुरी, कसारा, कल्याण, ठाणे आणि दादर या क्रमाने मुंबईत शिरते. हे लक्षात ठेवले तर बराच प्रवास वाचतो. माथेरानला जायचे असेल आणि गाडी पहाटे येत असेल, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाऊन पुन्हा दोन तासांचा उलटा प्रवास करण्याचे काहीच कारण नाही. विदर्भ एक्सप्रेससारख्या कल्याणला थांबणाऱ्या गाडीतून तिथेच उतरावे, कर्जतच्या लोकलचे वेगळे तिकीट काढावे आणि साधारण पाऊण तासात नेरळला पोहोचावे. सगळ्याच गाड्या कल्याणला थांबत नाहीत, म्हणून आरक्षण करतानाच थांबे पाहून घ्यावेत.

इथे एक चूक वारंवार होते. कल्याणनंतर लोहमार्ग दोन दिशांना फुटतो, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. नेरळ कर्जतच्या मार्गावर आहे. आपण नागपूरहून कसाऱ्याच्या बाजूने आलेलो असल्यामुळे तेच नाव ओळखीचे वाटते आणि घाईत माणूस कसारा लोकलमध्ये चढतो. फलाटावरील दर्शकावर कर्जतच्या गाडीसाठी ‘एस’ आणि कसाऱ्याच्या गाडीसाठी ‘एन’ हे अक्षर असते. ते वाचूनच चढावे.

मुक्काम बोरिवली-अंधेरीकडे असेल तर राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी हाच सर्वांत सोपा दिवस होय. मुक्काम डोंबिवली-कल्याणकडे असेल तर माथेरान जवळ आहे. तिथून कान्हेरीला जायचे म्हणजे दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची आणि पुन्हा वर यायचे, ज्यात सकाळ संपते. दादर-दक्षिण मुंबईत उतरलेल्यांना घारापुरी आणि अलिबाग सोयीचे.

गर्दीची दिशाही पाहावी. कामाच्या दिवशी सकाळी लोंढा शहराच्या दक्षिणेकडे जातो आणि संध्याकाळी उलट येतो. डोंबिवलीहून नेरळला जाणारा माणूस दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध असतो आणि त्याला बसायलाही जागा मिळते. त्याच डोंबिवलीहून मंगळवारी सकाळी आठ वाजता लहान मुले आणि आजीला घेऊन गेटवेला निघणे म्हणजे सहलीची सुरुवातच चेंगराचेंगरीने करणे होय. तसे जावेच लागले तर सकाळी साडेसहाच्या आत निघावे.

समृद्धी महामार्गाने स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी एवढेच सांगणे पुरे आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला असला तरी तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो आणि मुंबईची वाहतूक त्यापुढे सुरू होते. रात्रभर गाडी चालवून त्याच सकाळी सहलीला निघू नये, आणि दुसऱ्या दिवशी गेटवेकडे जाताना गाडी मुक्कामीच ठेवावी.

टप्पा ४: आता ठिकाण निवडा

आतापर्यंतच्या उत्तरांवरून बहुतेक वेळा एक किंवा दोनच पर्याय शिल्लक राहतात. ज्यांच्या सोबत गुडघेदुखी असलेली माणसे आहेत त्यांनी घारापुरीच्या सुमारे १२० पायऱ्या आणि माथेरानची लांब चाल यांचा आधी विचार करावा. अगदी लहान मुले असतील तर राष्ट्रीय उद्यान बरे, कारण तिथून केव्हाही परत फिरता येते. बोटीच्या ठिकाणी ती मुभा नसते. एका दिवसात एकच ठिकाण घ्यावे. सकाळी घारापुरी आणि दुपारी कान्हेरी असा बेत कागदावर सुरेख दिसतो, पण गेटवे ते बोरिवली हा प्रवासच तो मोडून टाकतो.

टप्पा ५: आदल्या रात्रीची तयारी

मे महिन्यात ४५ अंशांची सवय असलेल्या नागपूरकराला मुंबईचे ३३ अंश किरकोळ वाटतात. यातून होणारा त्रास मुंबईकरांपेक्षा आपल्या लोकांनाच जास्त होतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि अंग थंड होते. मुंबईच्या दमट हवेत तो उडत नाही, नुसता निथळत राहतो, त्यामुळे अंगातले पाणी आणि मीठ जाते पण अंग गार होत नाही. चक्कर, पायांत गोळे आणि डोकेदुखी यांची सुरुवात इथून होते. उन्हात डोक्याला दुपट्टा बांधायची आपली सवय चांगलीच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, सैल सुती कपडे आणि एक जादा सदरा एवढे हवेच. तहान लागेपर्यंत थांबू नये, दर अर्ध्या तासाने पाणी प्यावे.

पायांत चपला नकोत. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांवर शेवाळ असते आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. मागून पट्टा असलेले, भिजले तरी चालतील असे सँडल घ्यावेत. मोबाईल आणि पाकिटासाठी तोंड बंद होणारी प्लास्टिकची पिशवी ठेवावी. रोख रक्कम सुट्ट्या पैशांसह जवळ असावी, कारण बेटावर आणि डोंगरावर मोबाईलला रेंज नसेल तर मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. मोठ्या बॅगा मुक्कामी किंवा टर्मिनसच्या सामानघरात ठेवाव्यात. सामानघरात ठेवायच्या बॅगेला कुलूप लागते.

बोट लागण्याचा त्रास कोणाला होतो, हे समुद्र न पाहिलेल्या माणसाला आधी कळत नाही. त्यामुळे बोटीच्या दिवशी सकाळी तर्री पोह्यांसारखे तिखट-तेलकट काही खाऊ नये आणि रिकाम्या पोटीही बसू नये. पोळी-भाजी किंवा इडली असे हलके खाणे पुरेसे. घाटात गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आणावी आणि ती बोटीत बसण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

*तपासा: उद्याची ओहोटी किंवा भरतीची अधिकृत वेळ कागदावर लिहून घेतली का? परतीच्या शेवटच्या बोटीची किंवा गाडीची वेळ घरातील दोघांना तरी माहीत आहे का?*

टप्पा ६: सहलीच्या दिवसाचा क्रम

घारापुरी. सकाळी नऊच्या आधी गेटवेला पोहोचावे. सुरक्षा तपासणीत वेळ जातो. तिकीट खिडकीवरूनच घ्यावे आणि ते जाण्या-येण्याचे असल्याने परत येईपर्यंत जपून ठेवावे. बोटीत वरच्या मजल्यावर बसण्याचे थोडे वेगळे पैसे घेतात. मुलांना बोट लागत असेल तर खालीच, मध्यभागी बसवावे, तिथे हेलकावा कमी जाणवतो. बसताक्षणी लाइफ जॅकेट अंगावर चढवून त्याचे पट्टे आवळावेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जॅकेट पायाशी ठेवून फोटोपुरते घालणाऱ्यांनी हे विसरू नये. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घालू नये, ते पाण्यात डोक्यावरून निसटते. लहान मापाचे मागून घ्यावे, आणि नसेल तर दुसऱ्या बोटीची वाट पाहावी.

सुमारे तासाभराने बेटावर उतरताच पहिले काम म्हणजे परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, हे बोटवाल्याला विचारणे. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे, चालतही जाता येते. पायथ्याशी गावाचा कर आणि वर पुरातत्त्व विभागाचे तिकीट अशी दोन वेगळी देणी आहेत. सदाशिवाची प्रचंड त्रिमुखी मूर्ती असलेले पहिले लेणे आधी पाहावे, मग बाकीची. अनेक जण पायऱ्यांवरच्या दुकानांत आधी तासभर घालवतात आणि लेण्यात पोहोचतात तेव्हा गर्दी आणि ऊन दोन्ही वाढलेले असते. खरेदी उतरताना करावी. माकडे हातातील बाटली आणि खाऊ हिसकावतात, म्हणून खाण्याच्या वस्तू बॅगेतून बाहेरच काढू नयेत. शेवटच्या बोटीची वाट न पाहता दोन बोटी आधीची पकडावी, कारण शेवटच्या बोटीवर सगळ्या बेटाची गर्दी येते.

अलिबाग आणि कुलाबा किल्ला. इथे क्रम मागून पुढे मांडावा लागतो. समजा षष्ठी आहे आणि ओहोटी सव्वादहाच्या सुमारास आहे. म्हणजे किनाऱ्यावर पावणेदहापर्यंत पोहोचायला हवे. मांडवा ते अलिबाग सुमारे २० किलोमीटर आहे, बसला पाऊण ते एक तास लागतो, आणि गेटवे ते मांडवा बोटीला साधारण तेवढाच वेळ. म्हणून गेटवेहून साडेसातच्या सुमाराची बोट धरावी लागते. बहुतेक बोटींच्या तिकिटात पुढच्या बसचा प्रवास धरलेला असतो, ते तिकीट फेकू नये. उतरल्यावर बसची रांग लगेच धरावी, चहा अलिबागला घ्यावा.

किल्ल्यात गेल्यावर वेळ विसरणे ही इथली ठरलेली चूक आहे. आत गणपतीचे मंदिर आहे, तटावर फिरावेसे वाटते, आणि दरम्यान पाणी वाढू लागते. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी हळूहळू चढते, पण तिसऱ्या-चौथ्या तासात त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. त्यामुळे ‘आताच तर कोरडे होते’ असे म्हणेपर्यंत कमरेएवढे पाणी होते. ओहोटीच्या वेळेनंतर एका तासाच्या आत किल्ल्यातून बाहेर पडावे. मोबाईलवर गजर लावून ठेवावा.

सावधान: पाणी वाढले असेल तर चालत निघू नये. घोडागाडी किंवा होडी चालू असेल तर ती घ्यावी, नाहीतर किल्ल्यातच पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावे. उशीर होईल, पण माणसे सुखरूप राहतील.

माथेरान. नेरळला उतरल्यावर छोट्या गाडीची आसने मर्यादित असतात हे धरून चालावे. ती मिळाली नाही तर रांगेत ताटकळू नये, स्थानकाबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. तिथून पुढे खासगी मोटारींना बंदी आहे. प्रवेशकर भरून अमन लॉजहून शटल घ्यावी किंवा रुळांच्या कडेच्या वाटेने पाऊण तासात बाजारपेठेत चालत पोहोचावे. एका दिवसात सगळे पॉइंट होत नाहीत. शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट आणि एको पॉइंट एका बाजूला आहेत, तेवढेच घ्यावेत. पॅनोरमा पॉइंट दूर आहे, तो मुक्कामाच्या फेरीसाठी ठेवावा. घोडा करायचा असेल तर कोणते पॉइंट, किती वेळ आणि एकूण किती पैसे हे बसण्यापूर्वी ठरवावे. परतताना दस्तुरीवरून टॅक्सी अंधार पडण्यापूर्वी धरावी.

राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी. यात फारसे अवघड काही नाही. फक्त लेणी प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत हे ठाऊक नसल्याने लोक चालत निघतात आणि अर्ध्यातून परततात. सकाळी लवकर पोहोचून आधी आतल्या बसने लेण्यांपर्यंत जावे आणि बाकीचे उद्यान परतताना पाहावे. लेण्यांचे तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळे आहे.

टप्पा ७: पाण्याजवळचे नियम

किनाऱ्यावर तासभर घालवायचा असेल तर जीवरक्षक नेमलेला किनारा निवडावा आणि लाल झेंडा किंवा शिट्टी यांकडे दुर्लक्ष करू नये. मालाडचा अक्सा किनारा दिसायला शांत असला तरी तिथे बुडण्याच्या घटना वर्षानुवर्षे होत आल्या आहेत, तिथे पाण्यात उतरूच नये. विहिरीत किंवा तलावात चांगले पोहता येणारी माणसेच समुद्रात जास्त धोका पत्करतात, असे मला वाटते. लाट ओसरताना पायांखालची वाळू सरकते आणि परतणारे पाणी आत ओढते. या प्रवाहात सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न करू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. बुडणाऱ्याच्या मागे आणखी कोणी उडी मारू नये. जीवरक्षकाला हाक द्यावी, दोर, दुपट्टा किंवा तरंगणारे काही फेकावे आणि ११२ वर दूरध्वनी करावा.

ओल्या वाळूवर गाडी नेऊ नये. चाके रुतली की ती काढेपर्यंत भरती थांबत नाही.

पावसाळ्यात धबधब्यांचा मोह सर्वांत घातक असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली ऊन असतानाही प्रवाह काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या वाहून येणे आणि आवाज वाढणे या खुणा दिसताच, सामान सोडून, उंच काठावर यावे. जिल्हा प्रशासनाने बंदी घातली असेल तर आडवाटेने जाऊ नये.

टप्पा ८: नागपूरच्या गाडीचा दिवस वेगळा ठेवा

संध्याकाळी नागपूरची गाडी असेल त्या दिवशी बोटीची सहल करू नये. वारा वाढला की बोटी थांबतात, आणि आरक्षित गाडी कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी फिरायचेच असेल तर सकाळचे राष्ट्रीय उद्यान घ्यावे, सामान आधीच बांधून ठेवावे आणि दुपारी एकपर्यंत बोरिवली सोडावे.

माथेरानची सहल करून थेट गाडी धरायची असेल तर कल्याणहून चढणे सोयीचे पडते. त्यासाठी आपली गाडी कल्याणला थांबते याची खात्री करून, आरक्षण तक्ता तयार होण्यापूर्वी तिकिटावरील चढण्याचे स्थानक बदलून घ्यावे लागते. ते न बदलता कल्याणला उभे राहिल्यास टर्मिनसवर गैरहजर धरून आपली जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. सामान कल्याण-डोंबिवलीकडच्या नातेवाइकांकडे ठेवावे, नेरळहून दुपारी साडेतीनच्या आत लोकल धरावी, आणि कल्याणला उतरल्यावर गाडीचा फलाट व डब्याची जागा दर्शकावर पाहूनच जेवायला बसावे. गाडीच्या स्थितीसाठी १३९ हा क्रमांक आहे. पावसाळ्यात कसारा घाटात दरड कोसळून गाड्या उशिरा धावतात किंवा दुसऱ्या मार्गाने वळवल्या जातात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ही चौकशी माथेरानहून खाली उतरण्यापूर्वीच करावी.